गच्चीवरचा हिरवा रस्सा

मी आयुष्यात कोंबडीचा एक घाससुद्धा खाल्लेला नाही. तरीही पडेगावापासून छावणीपर्यंत माझ्यापेक्षा चांगलं चिकन कुणी करत असेल, तर त्यानं खुशाल समोर यावं. ही फुशारकी आहे हे मला कळतं. पण ज्यांनी खाल्लंय त्यांना आधी विचारा आणि मग मला नावं ठेवा.

माझं माहेर भिक्षुकी आणि कारकुनी करत आलेल्यांचं. आमच्या दारात कुठून तरी अंड्याचं टरफल उडत आलं, तरी आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची. तिथून मी लग्न करून पडेगावच्या शेतकरी घरात आले, माझ्या मर्जीनं आणि वडिलांच्या मर्जीविरुद्ध. निघताना आई एवढंच म्हणाली, "खाऊ नकोस हो." रांधू नकोस असं काही ती म्हणाली नव्हती.

सासरी कोंबडी शिजायची, पण स्वयंपाकघरात नाही, गच्चीवर. कारण आत्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची पद्धत आहे, म्हणून मीही तेच म्हणत आले. माळ घातल्यापासून आत्यांनी स्वतः खाणं सोडलं, पण घरच्यांसाठी करणं सोडलं नव्हतं. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एक चूल, एक जर्मनचं पातेलं, एक पळी आणि पाटा-वरवंटा, एवढा वेगळा संसार वर मांडलेला असायचा. त्यातली पळीसुद्धा कधी जिना उतरून खाली येत नसे. खाणारे वर जाऊन जेवायचे.

नवी सून वर गेली नसती तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण मला कुणी 'हिला काय जमणार' अशा नजरेनं बघितलं की माझं डोकं फिरतं, आणि त्या घरात तेव्हा पाहुण्यांपासून घरच्यांपर्यंत सगळे तसेच बघत होते. मी आत्यांच्या शेजारी चुलीपाशी जाऊन बसले. पहिल्या दिवशी नाकाला पदर लावून बसले, दुसऱ्यांदा पदर अधूनमधून सुटला, आणि नंतर माझ्या नाकाला सगळं कळायला लागलं. कांदा कधी झाला, वाटणाचा कच्चा वास कधी गेला, मांस कधी मऊ पडलं. दोन न खाणाऱ्या बायका मिळून खाणाऱ्यांसाठी रांधायच्या. हळूहळू आत्या नुसत्या बसून राहायला लागल्या आणि पळी माझ्या हातात आली.

चव बघायचं काम मामांचं. माझ्या नवऱ्याला ते देऊन उपयोग नव्हता. तो वाळूजला कंपनीत शिफ्टवर जाणारा माणूस, त्याला ताटात काहीही वाढलं तरी तो "मस्त" म्हणतो. मामा मात्र खरे. रस्सा उकळायला लागला की मी जिन्यात वाकून हाक मारायची, आणि खालून त्यांच्या वहाणांची करकर वर यायला लागायची. ते चुलीपुढं उकिडवे बसायचे, तळहात पुढं करायचे, मी पळीनं त्यावर थेंबभर रस्सा सोडायची. ते चाटायचे, डोळे मिटायचे आणि काहीतरी खोट काढायचेच. "मीठ कमी हाय." "जाळ जास्त लावतीस तू." मी तोंडावर वाद घालायची. मग गुपचूप मीठ घालायची. आमचं दोघांचं नातं खरं तर त्या तळहातावरच जमलं.

पुढं दुष्काळाची वर्षं लागोपाठ आली. शेतीचा मोठा भाग मामांनी आधीच विकला होता आणि तिथं प्लॉट पडले होते. आमच्याकडे उरलं होतं घर, विहीर आणि विहिरीशेजारचं कागदी लिंबाचं झाड. विहिरीचा तळ दिसायला लागला. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता आणि गल्लीत टँकर शिरला की अख्खी गल्ली पाइप घेऊन धावायची. आणि याच दिवसांत चहूकडं बांधकामं मात्र जोरात चालू होती. प्यायला पाणी नाही आणि स्लॅबला पाणी आहे, यावर मामा रोज सकाळी कुणाला तरी शिव्या द्यायचे.

त्यांचा एक नेम होता. शेत गेलं तरी रोज सकाळी बांधावरून फेरी मारायची. बांध आता कुठला? पण त्यांना तो दिसायचा. एका अपार्टमेंटच्या पार्किंगमधून आत शिरायचं, मागच्या गेटनं बाहेर पडायचं, बंगल्याच्या कंपाउंडला वळसा घालायचा आणि अर्धवट बांधकामातून सरळ निघून विहिरीवर यायचं. सगळे वॉचमन त्यांना ओळखायचे. नव्या वॉचमननं हटकलं तर मामा म्हणायचे, "तुझी बिल्डिंग माझ्या तुरीत उभी हाय, मुकाट्यानं जाऊ दे."

त्या अर्धवट बांधकामात सेंट्रिंगची एक फळी पडली होती आणि तिला वर टोक आलेला खिळा होता. तो वहाणेच्या तळातून वर आला आणि मामांच्या अंगठ्यात घुसला. त्यांनी घरी कुणाला सांगितलं नाही. खिळा म्हणजे काय मोठं, शेतात काटे काय कमी मोडले होते? पण तेव्हाचे पाय वेगळे होते. आता अंगात साखर होती, आणि जखम भरायच्या ऐवजी काळवंडत गेली.

डॉक्टरांनी जखम बघितली, रक्त तपासलं आणि आम्हाला सरळ सांगितलं. साखर खाली आली तर जखम भरेल. नाही आली तर अंगठा काढावा लागेल आणि पुढचं काही सांगता येणार नाही. गोळ्या बदलून दिल्या, आणि भाकरी, पोळी, भात, बटाटा, गूळ, साखर सगळं बंद. मटण-चिकन, अंडी, पालेभाज्या चालतील म्हणाले. या जेवणाला लो-कार्ब म्हणतात असंही त्यांनी सांगितलं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंगठाच नाय राह्यला तर वहाण कशात आडकवू?"

डॉक्टर हसले. माझा नवराही हसला. मला हसू आलं नाही, कारण मामा गंमत करत नव्हते. त्यांच्या वहाणेला अंगठ्याचा पट्टा होता, तो नसेल तर वहाण पायात राहत नाही. वहाण नाही तर फेरी नाही. आणि फेरी नाही तर ते कशासाठी उठणार होते, हे मला खरोखर माहीत नव्हतं. अंगठा वाचवायचाच, असं मी तिथं खुर्चीवर बसल्या बसल्या ठरवून टाकलं.

त्या दिवसापासून मामांचं जिना चढणं बंद झालं. बँडेज बांधलेला पाय स्टुलावर ठेवून ते बाहेरच्या ओट्यावर बसून राहायचे. वहाणा दाराशी ठेवलेल्या असायच्या. त्या वाळून आखडू नयेत म्हणून आत्या अधूनमधून त्यांना तेल लावायच्या, आणि मामा तिकडं बघायचे नाहीत. मी गच्चीवर चिकन करायची, वाटीत थोडं घेऊन खाली चाखायला द्यायची. ते घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "ठीक हाय." मीठ कमी नाही, जाळ जास्त नाही, काही नाही. नुसतं ठीक. असा माणूस मला ओळखीचा नव्हता.

पण भाकरी सोडली त्यांनी. एका शब्दात सोडली. जन्मभर ज्यांनी भाकरी चुरून रस्सा ओतून खाल्ला, ते आता वाटीनं नुसता रस्सा प्यायचे. पोट भरायचं नाही म्हणून आणखी एक वाटी मागायचे, मग आणखी एक. मी खुश होऊन वाढायची.

पुन्हा रक्त तपासलं तर साखर जिथल्या तिथं.

"बाबा, चोरून खाताय तुम्ही," डॉक्टर म्हणाले. घरी येताना रिक्षात माझ्या नवऱ्यानंही तेच विचारलं, जरा मऊ आवाजात.  ओट्यावर बसल्यावर मामा मला म्हणाले, "तुला बी तसंच वाटतंय व्हय?"

"नाही," मी म्हटलं. आणि मला खरंच वाटत नव्हतं. भाकरी खाल्ली असती तर ते डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटून म्हणाले असते की खाल्ली, काय करतोस. हा माणूस चोरून खाणाऱ्यातला नव्हे. नवऱ्याशी मी त्या संध्याकाळी कडाकडा भांडले. पण भांडून साखर उतरत नव्हती. मामा खरं बोलत होते, तर मग ती येत कुठून होती, याचा मला पत्ता लागत नव्हता.

तो लागला मामांच्याच नाकामुळं. आमच्याकडे रश्श्यात येसर पडतं. येसर म्हणजे मराठवाड्यात रस्सा दाट करायला वापरतात ती पूड. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, त्यात धने, मिरी, लवंग घालून दळून आणायचं आणि डब्यात भरून ठेवायचं. रस्सा उकळला की त्यात मूठभर सोडायचं, म्हणजे तो दाटून येतो आणि पाहुणे वाढले तरी पुरतो. त्या दिवशी डबा संपला होता म्हणून आत्या चुलीवर बाजरी भाजत होत्या आणि मी लसूण सोलत होते. वारा खालच्या बाजूला होता. इतक्यात ओट्यावरून मामांचा आवाज आला, इतक्या दिवसांत आला नव्हता इतका आनंदी.

"भाकर टाकली का गं कुणी?"

मी लसूण खाली ठेवला आणि कढईकडं बघितलं. मग डब्याकडं बघितलं. मग आत्यांकडं.

"आत्या, हे तर धान्य आहे."

"कुठलं धान्य? येसर हाय," त्या म्हणाल्या. "मसाला."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या घरात पिठाचे डबे खाली एका रांगेत आणि येसराचा डबा गच्चीवर तिखट-हळदीच्या शेजारी. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेल्या पदार्थांत मसाला नव्हता. कुणी मला विचारलं असतं तर मीसुद्धा येसराला मसालाच म्हटलं असतं. भाकरी बंद झाल्यावर मामा भूक भागवायला वाट्यांवर वाट्या रस्सा पीत होते आणि आम्ही दोघी तो त्यांच्यासाठी आणखी दाट करत होतो. बाजरी ताटातून उठली आणि वाटीतून पोटात गेली.

मी धावत खाली गेले आणि मामांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि पहिली गोष्ट काय म्हणाले? "म्हंजी मी चोर नाय."

"नाही."

"डॉक्टरला सांग."

मी दुसऱ्याच दिवशी शहरातल्या माझ्या ऑफिसातून सुटल्यावर क्रांती चौकातून स्कूटी घराच्या उलट्या दिशेला वळवली आणि दवाखान्यात जाऊन सांगून आले. त्यांना येसर म्हणजे काय हेही समजावून सांगितलं. डॉक्टरांनी हात जोडले आणि मामांची माफी मागतो म्हणाले, आणि पुढच्या वेळी खरोखर मागितलीही.

येसर बंद झालं. पण आता नवाच प्रश्न उभा राहिला. बिनयेसराचा रस्सा पाण्यासारखा. आमच्या भागात पातळ रस्सा वाढणं म्हणजे पाहुण्याला जा म्हणणं. मामांनी पहिली वाटी अर्धी प्यायली आणि बाजूला सरकवली. दुसऱ्या दिवशी तीही नाही. अंडी खाऊन कंटाळले, पालेभाजीला "जनावराचं खाणं" म्हणाले. चार दिवस नुसतं ताकावर काढलं, आणि मग एका सकाळी आत्यांना म्हणाले, "टाक एक भाकर. अंगठा जाऊ दे." आत्या पदरानं डोळे पुसत आत आल्या आणि पिठाच्या डब्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांनी डबा उघडला नाही, पण त्या तिथून हलल्याही नाहीत. मला तेव्हा इतका राग आला, म्हणजे कुणावर ते कळेना, की मी ऑफिसला न जाता गच्चीवर जाऊन बसले आणि मोबाइल उघडला. दाट पण बिनपिठाचा रस्सा जगात कुठंतरी कुणीतरी करत असेलच की!

ते लोक थायलंडचे निघाले. व्हिडिओतली बाई हिरव्या मिरचीचं वाटण नारळाच्या दुधात परतत होती आणि रस्सा आपसूक दाट होत होता. नाव होतं थाई ग्रीन करी. मी थायलंडचं काही कधी खाल्लं नव्हतं. पण चिकनही कुठं खाल्लं होतं? आमचं शहर एवढं वाढलं होतं की नव्या दुकानांत तिथल्या मसाल्याच्या बाटल्या मिळायच्या म्हणे. दुकानात जाऊन बाटलीच्या मागं बघितलं तर साखर. बाटली तिथंच ठेवली.

मग मी त्या बाईचं सामान आणि आमची गच्ची समोरासमोर ठेवली. ती वापरत होती ते लांब गवत म्हणजे आमचा गवती चहा. तो गच्चीवर जुन्या बादलीत होता. दुष्काळात सगळी झाडं गेली पण भाजी धुतलेल्या पाण्यावर आत्यांनी तो जगवला होता. तिची लिंबाची पानं, तर आमचं विहिरीशेजारचं झाड न्हाणीच्या पाण्यावर उभं होतं. तिचं आलं वेगळं, मी आमचंच घेतलं. मासळीच्या पाण्याऐवजी भाजलेल्या सुकटीची पूड. आणि हिरव्या मिरचीच्या बाबतीत मराठवाड्यानं कुणाकडून काही शिकायची गरज नाही.

राहिली तुळस. शेवटी रश्श्यात तुळशीसारखी दिसणारी पानं पडत होती. आत्यांनी मोबाइलमध्ये बघितलं आणि गळ्यातली माळ मुठीत धरली. "कोंबडीत तुळस? तू खुळी का काय!" मीही तेवढं करणार नव्हते. छावणीत आम्ही जिच्याकडून चिकन घ्यायचो, ती बाई दुकानामागंच राहायची. तिला मी अडचण सांगितली. ती परसात गेली आणि सब्ज्याची जुडी तोडून आणली. "बाजी, ये लेके जाव. कबरांपे लगाते ना, वोइच. मस्त खुशबू आती." मी घरी येऊन जुडी आत्यांच्या नाकाखाली धरली. त्यांनी बराच वेळ हुंगली. "ही आपली न्हाय," असा निकाल दिला आणि मी सुटले.

नारळावरूनही कुरकुर झालीच. आमच्या घरात नारळ देवापुढं फुटतो, वाटणात सुकं खोबरं जातं. पहिल्या वेळी मी दूध काढलं ते पातळ, मिरच्याही त्या बाईच्या हिशेबानं मोजक्या. वर चुलीचा जाळ मोठा, दूध फाटलं. मामांनी घोट घेतला. "खीर हाय का?" एवढंच म्हणाले. पण ठीक हाय म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. खोट काढण्याइतका जीव त्यांच्या जिभेत परत आला होता. मला तेवढं पुरे होतं.

पुढच्या रविवारी मी व्हिडिओ लावलाच नाही. पाट्यावर मिरच्या, लसूण, आलं, कोथिंबिरीच्या काड्या, गवती चहाचा खालचा पांढरा भाग, लिंबाची किसलेली साल, भाजलेले धने-जिरे आणि सुकटीची पूड घेतली. वाटायला बसणार तर आत्या म्हणाल्या, "सरक." आणि स्वतः वरवंटा धरला. एवढं बारीक वाटण मिक्सरच्या बापाला जमणार नाही. नारळ कोमट पाण्यात वाटून फडक्यातून पिळला. पहिलं दाट दूध वेगळं, दुसरं पातळ वेगळं. चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढून जाळ बारीक केला. दाट दुधात वाटण घातलं आणि तेल सुटेपर्यंत परतलं. जो वास सुटला तो मी आयुष्यात कधी घेतला नव्हता. तरीही तो बरोबर आहे हे माझ्या नाकानं सांगितलं. मग चिकन, मग छोटी हिरवी वांगी, पातळ दूध, लिंबाची पानं. रस्सा उकळला आणि आत्यांचा हात सवयीनं येसराच्या डब्याच्या जागेकडं गेला. डबा तिथं नव्हता. त्यांनी हात पदराला पुसला आणि त्या पातेल्यात डोकावल्या.

"दाट झालंय की गं," त्या हळूच म्हणाल्या. "काय बी न घालता."

वरून सब्जा टाकला. भाकरीच्या जागी फ्लॉवर किसून कोरड्या तव्यावर परतला, कारण मामांच्या बोटांना काहीतरी कुस्करायला लागतं हे मला माहीत होतं. वाटी खाली नेली आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी घोट घेतला. कपाळावर घाम आला. दुसरा घोट घेतला. मग ताट पुढं ओढलं, फ्लॉवरवर रस्सा ओतला आणि बोटांनी चुरायला लागले, भाकरी चुरायचे तसंच, शांतपणे, मान खाली घालून. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. ताट साफ झालं. त्यांनी बोटं चाटली आणि विचारलं, "हे कुठलं म्हनलीस?"

"थायलंडचं."

"तिथं बी दुष्काळ आसंल," ते म्हणाले. "त्याबिगर गवताची भाजी कोन करंल?" आणि आणखी वाढायला सांगितलं. त्यांनी भाकरीचं नाव काढलं नाही. मी वर गेले, टाकीला टेकून बसले आणि मनसोक्त रडले. आत्यांनी बघितलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

त्यानंतर आमच्या घरात आठवड्यातून दोनदा तरी हिरवा रस्सा व्हायला लागला. मधल्या दिवशी तोच रस्सा मी पनीर घालून, सुकटीशिवाय, खाली स्वयंपाकघरात करायची, आणि तो आत्या आणि मी दोघी खायचो. लोक मामांना भेटायला येत आणि वास घेत घेत जिन्याकडं बघत. एक नात्यातले गृहस्थ म्हणाले, "बामनाची पोरगी कोंबडी करती, ते बी फॉरेनची." मामा ओट्यावरून गरजले, "खाऊन बघ आन् मंग बोल." त्यांनी खाल्लं, आणि दोनदा मागून घेतलं. मी मुद्दाम बघत होते.

साखर हळूहळू उतरली. काळवंडलेली कड गुलाबी झाली. ड्रेसिंग बदलायला जाताना आमचा जीव मुठीत असायचा, पण प्रत्येक वेळी जखम आदल्या वेळेपेक्षा लहान असायची. अखेर डॉक्टर म्हणाले, अंगठा राहिला. मामांनी खाली वाकून अंगठा हलवून बघितला, आणि परत हलवला.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी मी गच्चीवर वाटण परतत होते. चाखायला न्यायची वाटी शेजारी तयार होती. इतक्यात जिन्यात आवाज झाला. करकर. मग थांबला. पुन्हा करकर. मी उठायला गेले तर आत्यांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. "येऊ दे त्यान्ला," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी पातेल्याकडं बघत नुसत्या ऐकत राहिलो. वहाण एकेक पायरी वर येत होती.

मामा आले. घामानं डबडबलेले, कठड्याला धरून. उकिडवं बसता येईना म्हणून टाकीला टेकून खाली बसले. पाय लांब केला. तेलानं काळ्याभोर झालेल्या वहाणेच्या पट्ट्यात अंगठा होता. त्यांनी तळहात पुढं केला. मी पळीनं थेंबभर रस्सा सोडला. त्यांनी चाटला, डोळे मिटले.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले. "आन् जाळ जास्त लावतीस तू."

माझ्या हातच्या चिकनला कुणी नावं ठेवली की मी सोडत नाही, सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं, चिमूटभर मीठ घातलं आणि पळी पुन्हा त्यांच्या हातावर धरली.